अडचण नाही

६ फेब्रुवारी, शुक्रवार

कोठडीच्या वहीत एका दिवसाला एकच ओळ. मुली किती, आजारी किती, किल्ल्या मोजल्या का. तिथे राग मावत नाही, म्हणून ही दुसरी वही आणली. ह्यांना वाटतंय मी औषधांच्या वेळा लिहिते. वाटू दे, म्हणजे उघडून बघणार नाहीत.

आज नवी मुलगी आली. सतरा वर्षं दहा महिने. अंगानं काटकुळी आणि नजर अशी टोचणारी की नाव विचारायच्या आधीच माझ्या तोंडून 'टाचणी' निघून गेलं. ज्यांच्याकडे सामान पोचवायचं काम करायची त्यांची व्हॅन परवाना नसताना चालवली, थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला उडवलं आणि पळाली. त्याचा पाय दोन ठिकाणी मोडलाय. मी तिची बाजू घेत नाही. पळाली ते वाईटच केलं, आणि तसं मी तिला तोंडावर सांगितलं. तिनं मान हलवली.

शिक्षा दीड वर्षाची, राज्याच्या सुधारशाळेत. कोर्टानं हुकमात 'तत्काळ' लिहून खाली रेघ मारलीय. शाळेत मोटार दुरुस्तीचं वर्कशॉप आहे, तिथे घालावी असंही लिहिलंय. एवढ्या सगळ्यात पोरीनं एकच प्रश्न विचारला. वर्कशॉपमध्ये खरी इंजिनं असतात की नुसती चित्रं? मी म्हटलं, खरी असतात. मला काय ठाऊक, पण म्हटलं.

आमची खोली गावची, शाळा राज्याची. गाडी येईपर्यंत मुलगी आमच्याकडे, जास्तीत जास्त दहा दिवस. शिक्षा मोजायला सुरुवात होते ती शाळेच्या फाटकातून आत गेल्यावर. आमच्याकडचे दिवस कुणाच्याच खात्यात जात नाहीत. आणि अठरा पुरी झाली की शाळा घेत नाही, मग थेट बायकांचा मोठा तुरुंग. टाचणीची अठरा पुरी होतात ९ एप्रिलला. दोन महिने आहेत आणि काम दहा दिवसांचं. म्हणजे काळजीचं काही नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

टाचणी बोलत नाही, पण हात गप्प बसत नाहीत. न्हाणीघराची कडी वर्षभर लोंबत होती. मी तीनदा अर्ज केला, सुतार काही उगवला नाही. हिनं जेवणाच्या चमच्याच्या दांड्यानं स्क्रू पिळून ती पाच मिनिटांत बसवली, चमचा धुतला आणि आपणहून मोजणीत ठेवला. चादरीच्या घड्या अशा करते की खाट दुकानातली वाटावी.

आज तिचं पहिलं पत्रक भरलं. दर शुक्रवारी प्रत्येक मुलीमागे एक पत्रक मुख्य कचेरीत जातं. चार रकाने: तब्येत, जेवण, वागणूक, आणि 'येथे ठेवण्यास अडचण आहे काय?' त्या शेवटच्या रकान्यात मी बारा वर्षं 'अडचण नाही' लिहीत आलेय. माझ्या आधीच्या बाई दर आठवड्याला तिथे रडगाणं लिहायच्या आणि अख्खी कचेरी त्यांना हसायची. मी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं, माझ्या खोलीचं असं हसं होऊ द्यायचं नाही. बारा वर्षांत एकही ओरखडा नाही. अक्षरही माझं बरं आहे.

वागणुकीत लिहिलं, 'उत्तम. कामसू.' तिला वाचून दाखवलं. मान खाली घालून हसली मेली. आल्यापासून पहिल्यांदाच.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

दहा दिवस उलटून गेले, गाडीचा पत्ता नाही. मुख्य कचेरीत फोन लावला. यादी सांभाळणारा एक पोरगेला माणूस आहे, आवाज लोण्यासारखा. म्हणे शाळेत जागा कमी आहेत, तुमच्या मुलीचा क्रमांक एकोणीस. मी म्हटलं, हुकमात 'तत्काळ' लिहिलंय. तो म्हणाला, सगळ्यांच्याच हुकमात लिहिलेलं असतं, मॅडम. वर हसला.

फोन आपटला. मोठ्या साहेबांनी काचेतून पाहिलं आणि परत वर्तमानपत्रात डोकं घातलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

भेटीचा वार. टाचणीची आई इस्पितळाच्या धुलाईघरात इस्त्री करते. पोरीचे कपडे इतके कडक इस्त्री करून आणते की शिवण तपासताना माझ्याच बोटांना लाज वाटते. तपासावं लागतं, नियम आहे. तिनं विचारलं, कधी नेणार? मी सांगितलं, आज-उद्या. ती म्हणाली, तुमच्याकडे आहे तोवर मला घोर नाही, बाई. नवरा गेल्यापासून ही पोर तिच्या हाताबाहेर गेली होती, इथे आल्यापासून माणसात आलीय, असं म्हणाली.

ऐकून बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

परवा एक सोळा वर्षांची दाखल झाली. तोफ. दुसरं नाव सुचूच शकत नाही. दोन दिवस नुसता धडाका. जेवण नको, चादर नको, टाचणी नको, मी तर मुळीच नको. आज तिनं ताट भिरकावलं ते सरळ खिडकीवर. काच फुटली, हिचा हात कापला, मलमपट्टी करायला आलेल्या शिपाईबाईला हिनं कडकडून चावा घेतला. दोन तास काचा वेचत होते मी आणि टाचणी. गुडघे भरून आलेत.

उद्या पत्रक आहे. 

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

साहेबांनी बोलावून सांगितलं, काचेचं लिहावंच लागेल, शिपाईबाईच्या जखमेचा कागद झालाय. बारा वर्षांत पहिल्यांदा त्या रकान्यात लिहिलं: 'अडचण आहे.' कारण: 'तोडफोड, मारहाण.'   वाटलं, गेली माझी बारा वर्षं पाण्यात.

टाचणीचं पत्रक मुद्दाम सगळ्यांत वर ठेवलं. 'उत्तम. इतर मुलींनाही सांभाळून घेते. अडचण नाही.' वरच्या माणसाला कळू दे तरी, या खोलीत अशीही मुलगी आहे.

५ मार्च, गुरुवार

तळपायाची आग मस्तकात गेलीय, लिहिताना कागद फाटेल की काय असं वाटतंय.

सकाळी राज्याची गाडी आली. मी धावत जाऊन टाचणीचं बोचकं बांधायला घेतलं. गाडीवाल्यानं कागद वाचला. तोफेला न्यायचंय म्हणाला. तोफेला! नऊ दिवसांपूर्वी आलेली पोरगी, जिनं आमची खिडकी फोडली, माणसाला चावली, ती जाते, आणि महिनाभर मुकाट्यानं वाट बघणारी खाटेवर बसून राहते. मी गाडीवाल्याला म्हटलं, चूक झाली असेल, नीट बघा. त्यानं कागद माझ्या नाकासमोर धरला. चूक नव्हती.

टाचणीनं स्वतःच तोफेचं सामान आणून दिलं. मग बोचकं सोडून आपले कपडे परत फळीवर लावले, घडीवर घडी. मला ते बघवेना.

वशिला, दुसरं काय. तोफेचा कुणीतरी मामा-काका वर बसलेला असणार. घरी येऊन ह्यांच्यापुढे सगळं ओकले. हे तीस वर्षं बसडेपोत टाइमकीपर होते. शांतपणे म्हणाले, "आमच्याकडे ज्या फलाटावर आरडाओरडा व्हायचा तिथली गाडी आधी सोडायचो. गप्प बसलेले प्रवासी काय, बसायचे बिचारे." मी म्हटलं, तुमचा डेपो तुमच्यापाशी ठेवा, इथे मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे. एक ना धड उपमा. जेवण झाल्यावर भांडी जरा जास्तच आपटली.

६ मार्च, शुक्रवार

यादीवाल्याला फोन. क्रमांक तेवीस. मी म्हटलं, अहो, एकोणीस होता. पोरगी पुढे सरकायची की मागे? म्हणाला, मध्ये काही तातडीच्या मुली आल्या. तातडीच्या! आणि ही काय सुट्टीवर आलीय?

पत्रक पाठवलं. चिडले तरी पत्रकात चूक करायची नाही मी. 'उत्तम. अडचण नाही.'

१० मार्च, मंगळवार

आता नवीनच. तब्येतीचा दाखला तीस दिवसच चालतो. गाडी तुमची वेळेवर येत नाही, आणि शिळा होतो दाखला आमचा. नवा काढेपर्यंत यादीत नाव असूनही हाक नाही.

टाचणीला घेऊन इस्पितळात गेले. मनगटाला मनगट बांधून, कारण नियम. साडेचार तास बाकावर. समोरची एक बाई आपल्या लेकराला आमच्यापासून लांब ओढून बसली. टाचणीनं बघितलं आणि हात ओढणीखाली घेतला, माझाही त्याबरोबर गेला. मग म्हणाली, बाई, दीड वर्ष आजपासून मोजायला लागले तरी मी एकोणीस वर्षांची असताना सुटेन ना? मी म्हटलं, हो. तिनं विचारलं, आणि तुरुंगात गेले तर तिथे वर्कशॉप असतं? मी म्हटलं, तू तुरुंगात जाणार नाहीस, आता गप बस. तिथे बायका पिशव्या शिवतात, हे सांगायला माझी जीभ रेटली नाही.

डॉक्टरनं नाडीसुद्धा पाहिली नाही. शिक्का मारला आणि पुढची.

१६ मार्च, सोमवार

क्रमांक सव्वीस. ही यादी आहे की घसरगुंडी?

साहेबांकडे गेले. म्हटलं, तुम्ही एक पत्र लिहा. म्हणाले, राज्याच्या कामात आपण नाक खुपसायचं नाही. म्हटलं, चोवीस दिवस राहिलेत, अठरा पुरी झाल्यावर तिला खुनी बायकांत टाकतील. म्हणाले, बाई, तुम्ही फार जीव लावता. मी म्हटलं, कुणीतरी लावायला नको का? दार लावून बाहेर आले. लावलं म्हणजे काय, आपटलंच. दिवसभर कानशिलं तापलेली होती.

२० मार्च, शुक्रवार

पत्रक. 'उत्तम.' शब्द तरी किती वेळा लिहायचा. या वेळी खाली जोडलं: 'अशी मुलगी माझ्या बारा वर्षांच्या नोकरीत पाहिली नाही.' वाचून दगडालाही पाझर फुटावा. पुढच्या गुरुवारी रजा घेऊन स्वतः मुख्य कचेरीत जाणार. त्या लोणीवाल्याला समोर उभा करून विचारते.

२६ मार्च, गुरुवार

दोन बस बदलून गेले. फाइल काखेत, भांडायची पुरी तयारी. यादीवाला खरंच पोरगेला निघाला, माझ्या धाकट्या भावाच्या मुलाएवढा. माझं नाव ऐकून उठून उभा राहिला. चहा मागवला. मला वाटलं घाबरला.

तर तो म्हणाला, तुम्हाला बघायचंच होतं. तुमची पत्रकं आम्ही नव्या लोकांना नमुना म्हणून दाखवतो. आणि खरंच टेबलाच्या काचेखाली माझं पत्रक होतं, माझं अक्षर.

मी म्हटलं, नमुना राहू द्या, माझी मुलगी मागे-मागे का जातेय ते सांगा. त्यानं यादी माझ्याकडे वळवली. आठवड्याला तीन-चार जागा रिकाम्या होतात आणि शंभर ठिकाणांहून मुली येतात. कुणाला आधी घ्यायचं ते चौथ्या रकान्यावरून ठरतं, तिथे सारखंच असेल तर वागणुकीवरून. जिथे अडचण आहे ती वर. जिथे नाही ती खाली. तो मला समजावून सांगत होता, अगदी आदरानं:

"तुमच्या खोलीची आम्हाला काळजीच नसते, मॅडम. तुमच्याकडची मुलगी थांबू शकते."

चहा तसाच राहिला. मी विचारलं, हे आम्हाला कुणी का सांगितलं नाही? तो म्हणाला, सांगितलं तर सगळेच अडचण लिहितील.

मग मी विचारलं, उद्या लिहिली तर? म्हणाला, लिहा, आठवड्यात गाडी येईल, पण कारण लागेल. तोडफोड, मारहाण, पळण्याचा प्रयत्न, यातलं काहीतरी. आणि मग मुलगी शाळेच्या बंद विभागात जाते, वर्कशॉपच्या अवजारांजवळ तिला येऊ देत नाहीत. ती तुमची काच फोडलेली मुलगी तिथेच आहे.

परतीच्या बसमध्ये कुणावर चिडावं ते समजेना. त्याच्यावर चिडायला गेले तर त्यानं माझ्या हातचंच दाखवलं होतं. हे बसस्टॉपवर घ्यायला आले होते. काय झालं विचारलं. डेपोबद्दल तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं, एवढंच सांगितलं. त्यांनी माझ्या काखेतली फाइल घेतली. आणखी काही विचारलं असतं तर मी तिथेच रडले असते.

२७ मार्च, शुक्रवार

सकाळी लवकर जाऊन कपाटातल्या स्थळप्रती काढल्या. बारा वर्षांच्या. एक्केचाळीस मुली. ज्यांच्या वागणुकीत मी 'बरी' लिहिलं त्या पंधरा-वीस दिवसांत गेल्या. ज्यांच्या पुढे 'उत्तम' लिहिलं त्या पन्नास, साठ, सत्तर दिवस. एक गाणारी पोर होती, मैना म्हणायचो, सगळ्यांना कौतुकानं दाखवायचे मी तिला. चौऱ्याहत्तर दिवस. दोघीजणी तर आमच्याकडे अठरा ओलांडून तुरुंगात गेल्या. तेव्हा मी राज्याला शिव्या घातल्या होत्या. आठवड्याच्या आठवड्याला सही माझी होती. लाज वाटते, राग येतो, आणि हा राग बाहेर काढायला समोर कुणी नाही.

टाचणीला बसवून सगळं सांगितलं. तिला कळायचा हक्क आहे. तिनं पूर्ण ऐकलं, मग नव्या बसवलेल्या काचेकडे बघत विचारलं, "बाई, फोडू का मी?"

मी म्हटलं, खबरदार. कागदावर डाग लागला की वर्कशॉप गेलं. हात बांधून बस, मी बघते काय करायचं ते. तिनं पुन्हा विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, माझ्यावर विश्वास आहे ना? तर मग ऐक माझं. ती हात मांडीवर ठेवून बसली.

मला एक वाट सुचली होती. अडचण तिचीच कशाला असायला हवी? माझी असू शकते. खोटं लिहायचं नव्हतं, म्हणून दुपारी मोजणी झाल्यावर खोलीचं दार उघडं टाकून, किल्ली कुलपात तशीच ठेवून, मी कोठारात जाऊन उभी राहिले. वीस मिनिटं घड्याळ लावून. आयुष्यात असं केलं नव्हतं. परत आले तर टाचणी उंबऱ्याच्या आत उभी. म्हणाली, दार उघडं राहिलंय, बाई.

पत्रकात लिहिलं: 'अडचण आहे. कारण: मजकडून दार उघडे राहिले. मुलगी जागची हलली नाही. दोष तिचा नाही. वयोमानामुळे मला ही खोली सांभाळणे जमत नाही, तरी मुलीस त्वरित सुरक्षित जागी हलवावे.' सही केली. बारा वर्षांचं नाव एका ओळीत गेलं, जाऊ दे. साहेबांच्या सहीसाठी ठेवलं तेव्हा त्यांनी दोनदा वाचलं आणि चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, करा सही.

आठवड्यात गाडी येईल. घरी येऊन कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

३१ मार्च, मंगळवार

हुकूम आला. चार दिवसांत. चार! ज्या कचेरीला एक मुलगी हलवायला त्रेपन्न दिवस पुरले नाहीत, तिनं चार दिवसांत हलवलं ते मला.

परवापासून माझी बदली गणवेशाच्या गोदामात, गाठोडी मोजायला. माझ्या जागी दुसरी बाई. खाली एक ओळ: 'यायोगे सदर खोलीतील अडचण दूर झाली आहे.' आणि अडचण दूर झाली म्हणून टाचणी यादीत होती तिथेच. क्रमांक अठ्ठावीस.

मी साहेबांच्या टेबलावर हुकूम फेकला. ओरडले. बाहेर शिपाई जमा झाले तरी ओरडले. साहेब म्हणाले, तुम्हीच लिहिलंत ना, जमत नाही म्हणून? नशीब समजा, पगार कापला नाही.

२ एप्रिल, गुरुवार

नव्या बाईला ताबा दिला. तिशीची आहे, चटपटीत, बूट चकाचक. तिला चौथ्या रकान्याचं सगळं सांगितलं, हात जोडले. म्हटलं, उद्याच्या पत्रकात काहीतरी लिही, नवीन आहे, एकटीला लक्ष ठेवणं जमत नाही, काहीही. पण मुलीचं नाव खराब करू नकोस. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, बाई, माझं पहिलंच पत्रक आहे, पहिल्याच पत्रकात अडचण लिहिली तर लोक काय म्हणतील?

तिला एक सणसणीत ठेवून द्यावीशी वाटली. पण ती माझंच बोलत होती.

टाचणीला भेटू दिलं नाही. ताबा दिल्यावर मी बाहेरची.

७ एप्रिल, मंगळवार

गोदामातून अर्धा दिवस सुटी काढून कोर्टात. ज्यांनी 'तत्काळ'खाली रेघ मारली होती ते न्यायाधीश तेरा तारखेपर्यंत रजेवर. बदलीवर आलेल्यांच्या कारकुनानं अर्ज वाचला. हुकूम तर दिलेला आहेच, म्हणाला, पुढचं आमच्याकडे येत नाही. मुख्य कचेरीत फोन केला. नव्या बाईंच्या पत्रकात अडचण नाही, असं लोणीवाल्यानं सांगितलं. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाला, मला वाईट वाटतं, मॅडम. त्याला खरंच वाटत असावं, आणि त्याचाच जास्त राग आला.

दोन दिवस.

९ एप्रिल, गुरुवार

आज ती अठरा वर्षांची झाली. तुरुंगाची गाडी सकाळी नऊला येणार होती. नऊला पाच कमी असताना आली. या गाडीसाठी यादी लागली नाही, दाखला लागला नाही, आधी कुणाला फोन करावा लागला नाही.

मला आत सोडेनात, म्हणून फाटकासमोरच्या रस्त्यावर उभी राहिले. टाचणीची आई आधीच आली होती. हातात इस्त्रीच्या कपड्यांची पिशवी, पण तुरुंगात घरचे कपडे चालत नाहीत, शिपायानं पिशवी परत केली होती. टाचणीला आणलं. दोन्ही हातांना बेड्या. तिनं आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं काहीतरी बोलेल, तोंड फिरवेल, निदान रागानं बघेल. तिनं नेहमीसारखी मान हलवली. गाडीत चढताना हात अडकलेले म्हणून तोल गेला, मागच्या बाईनं तिला ढकलून आत बसवलं. गाडी गेली.

आई माझा हात धरून उभी होती. म्हणाली, तुम्ही होतात म्हणून दोन महिने पोर सुखात राहिली, बाई. तिचे आभार मला ऐकवेनात. भर रस्त्यात सगळं सांगून टाकलं. रकाना, यादी, माझे ते 'उत्तम', तोफ नऊ दिवसांत कशी गेली, सगळं.  ऐकून झाल्यावर म्हणाली, बंद विभाग तर बंद विभाग, शाळेतच असती ना? एक काच फोडायची होती ना नुसती? मला सांगायचंत, मी तिला म्हटलं असतं, फोड.

मी म्हटलं, तिनं विचारलं होतं मला, फोडू का म्हणून. दोनदा विचारलं. मी नको म्हटलं.

तिनं माझा हात सोडला. पिशवी हातातून खांद्यावर घेतली. ओरडली असती तर मला सोसलं असतं. ती अगदी साध्या आवाजात बोलली.

"लहानपणापासून कुणाचं म्हणून ऐकलं नाही हिनं, बाई. बापाचं नाही, माझं नाही. तुमचं तेवढं ऐकलं."